का. ना. चा तास

१ जून

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

पहिल्याच ओळीत तुझी आवडती पाच अक्षरं घातली आहेत, तेव्हा पुढचं प्रेमाने वाच. तू फोन उचलत नाहीस, आणि उचललास तरी चार वेळा हॅलो म्हणून ठेवून देतेस. म्हणून पत्र.

शाळा सुरू व्हायला बारा दिवस आहेत आणि तुझी भाची पुरती गोत्यात आली आहे. इथले वेळापत्रक करणारे सर परीक्षा संपल्यावर निवृत्त झाले. जाताना त्यांनी खुर्चीवरची उशी नेली, भिंतीवरचं घड्याळ नेलं (ते त्यांचंच होतं म्हणे) आणि मागच्या बावीस वर्षांची वेळापत्रकंही नेली. मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, शिक्षकांच्या खोलीत आले आणि नवीन वेळापत्रक कोण करणार, असं त्यांनी विचारलं. सगळ्यांनी एकदम चपला शोधायला सुरुवात केली. मी नवीन, मला चपला शोधायचं सुचलंच नाही.

आता खरी गोष्ट. मी इथे एका वर्षाच्या बोलीवर आहे हे तुला माहीत आहेच. मोठ्या सरांनी लेखी दिलं आहे की पहिल्या आठवड्यात एकही वर्ग, एकही तास शिक्षकाविना राहिला नाही, तर ते मला कायम करतील. राहिला, तर वर्ष संपल्यावर नमस्कार. आईने तर आत्ताच कळवलंय की मनाला लावून घेऊ नकोस, काकांच्या छत्र्यांच्या दुकानात तुझी जागा आहेच. मावशी, मला छत्र्या विकायच्या नाहीत. मला भूगोल शिकवायचा आहे.

सहा वर्ग, नऊ शिक्षक, एक प्रयोगशाळा आणि एकच फुटबॉल. तू एकतीस वर्षं हेच केलंस. काहीतरी सांग.

तुझी,
ढब्बू
(इथे मला बाई म्हणतात.)


४ जून

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. तू चपला शोधल्या नाहीस यात नवल नाही. लहानपणी लपाछपीतसुद्धा तू राज्य कुणावर आहे हे विचारायला बाहेर यायचीस.

घाबरू नकोस. सोबत माझ्या शेवटच्या वर्षाचा तक्ता पाठवते आहे. वर्ग तितकेच, शिक्षक तितकेच. हा तक्ता करायला मला सुट्टीतले एकोणीस दिवस आणि दोन खोडरबर लागले होते. आमचे फुटबॉलचे सर आणि प्रयोगशाळेच्या बाई यांचं आपसात वाकडं होतं, तरी दोघांची गाठ वर्षभर कधी जिन्यातसुद्धा पडली नाही. अशी ही वस्तू आहे.

तू फक्त शिक्षक बदल. बाकी एक अक्षरही हलवू नकोस. वेळापत्रक म्हणजे विणकाम, एक टाका सोडलास की पाठ उघडी. आणि तुझी अक्कल त्यात घालू नकोस, ती भूगोलासाठी राखून ठेव.

माझं बरं चाललंय. सकाळी फिरायला जाते. घंटा कुठे वाजत नाही, त्यामुळे परत कधी यायचं ते कळत नाही.

तुझी,
मावशी


८ जून

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या तक्त्याला मी रोज उठून हात जोडते. तू सांगितलंस तसं केलं. एक अक्षर हलवलं नाही. चार मोठे कागद एकाला एक चिकटवले आणि सगळं जसंच्या तसं उतरवलं. ग. म्हणजे गणित, भू. म्हणजे भूगोल, शा. शि. म्हणजे शारीरिक शिक्षण. प्रत्येक चौकोनात शिक्षक बसवला, एकही चौकोन मोकळा ठेवला नाही. एका ठिकाणी माणूस कमी पडला, तेव्हा दहावीच्या शुक्रवारच्या शेवटच्या तासाला डोळे मिटून मोठ्या सरांचं नाव टाकलं. त्यांनी ते पाहिलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि सही केली.

कार्यालयातले मोठे क्लार्क मात्र तक्त्यासमोर अर्धा तास उभे होते. ते कागदावर जे आहे तेवढंच खरं मानतात. त्यांनी त्याच्या तीन प्रती काढल्या आणि एक कपाटात कुलूपबंद केली. आता तो बदलायचा तर अर्ज लागेल म्हणाले.

सोमवारी तेरा तारखेला पहिली घंटा. मला जेवण जात नाहीये.

तुझी,
ढब्बू

ता. क. (कागद संपला, म्हणून पाकिटाच्या आतल्या बाजूला लिहिते आहे.) प्रत्येक वर्गाला आठवड्यातून एक तास तू का. ना. असा विषय लिहिला आहेस. तो मी उतरवला आहे, पण का. ना. म्हणजे काय गं? लगेच कळव.


१४ जून

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तू उत्तर दिलं नाहीस! मी रोज टपालवाल्याला गाठते. तो आता मला पाहून रस्ता बदलतो.

काल शाळा सुरू झाली आणि वेळापत्रक चाललं, मावशी. एकही वर्ग मोकळा नाही, एकही शिक्षक जिन्यात धावत नाही. मोठे सर व्हरांड्यात हात मागे बांधून फिरत होते आणि प्रत्येक खिडकीशी मान हलवत होते. मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

आणि मग तिसऱ्या तासाला का. ना. आला.

मला वाटलं होतं, कुणीतरी येऊन विचारेल. पण कुणीच विचारलं नाही! नवीन वर्ष, नवीन विषय, आणि आपल्याला माहीत नाही असं आधी कोण म्हणणार? शारीरिक शिक्षणाच्या सरांनी कान-नाक असा अर्थ लावला आणि नववीच्या अख्ख्या वर्गाला ओळीत उभं करून टॉर्च लावून कान आणि नाकं तपासली. एका मुलीच्या कानात मागच्या वर्षीचं पेन्सिलीचं टोक सापडलं, त्यामुळे विषयाला मोठीच प्रतिष्ठा आली. चित्रकलेच्या बाईंनी आज कागदी नावा केल्या. एकशे चौदा नावा, पाण्याच्या टाकीत. गणिताच्या सरांनी तर काठावरचे नापास असं ठरवून एका गुणाने गेलेल्यांना पुढच्या बाकांवर बसवलं आणि तास संपल्यावरही सोडलं नाही.

माझ्या वाट्याला आठवी. मला काही सुचेना, म्हणून मी फळ्यावर का. ना. लिहिलं आणि तुम्हाला काय वाटतं, असं मुलांनाच विचारलं. पहिल्या बाकावरची चष्मेवाली म्हणाली की हे 'का नाही' आहे. झालं! शिक्षकांना गृहपाठ का नाही, रविवार दोन का नाहीत, मोठ्या सरांना प्रगतिपुस्तक का नाही. एकूण सत्तावन्न प्रश्न झाले. भूगोलाच्या तासाला हीच मुलं जांभया देतात.

हसू नकोस. संध्याकाळी मोठ्या सरांनी मला बोलावलं आणि शनिवारच्या सभेत का. ना. या विषयाची रूपरेषा सर्वांसमोर मांडायला सांगितलं. उद्दिष्टं, पाठ्यक्रम, मूल्यमापन. मी मान डोलावली. माझी मान मी विचार करायच्या आत डोलते, तुला माहीत आहे.

मावशी, का. ना. म्हणजे काय??

तुझी,
ढ.


१६ जून

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

अगं शहाणे, पाकिटाच्या आत ता. क. लिहितात का कुणी? मी पाकीट फाडते आणि टोपलीत टाकते. तुझं कालचं पत्र वाचून टोपली पालथी केली, तेव्हा बटाट्याच्या सालींखाली तुझा प्रश्न सापडला.

का. ना. म्हणजे काही नाही.

काही नाही! रिकामा तास! आमच्या संगीताच्या बाई वर्षाच्या मध्यात लग्न करून गेल्या आणि त्यांचे तास उघडे पडले. चौकोन मोकळा दिसला की आमच्या मुख्याध्यापिका त्यात जादा गणित भरायच्या, आणि गणित मीच शिकवत होते. म्हणून मी तिथे का. ना. लिहून टाकलं. त्याही विचारायला लाजल्या. दोन वर्षं कुणी विचारलं नाही. मुलं त्या तासाला मैदानात असायची आणि मी पाय वर करून बसायचे. मी एक अक्षर हलवू नकोस म्हणाले खरी, पण तू त्यावर माणसं बसवशील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं आणि तिसऱ्या वेळी खुर्चीवरून घसरले. लागलं नाही. कान-नाक! अगं, देवा!

आता ऐक. झाकली मूठ सव्वा लाखाची. शनिवारी का. ना. म्हणजे कार्य-नागरिकत्व असं काहीतरी ठोकून दे. जड शब्द वापर, सभेत जड शब्दांना कुणी हरकत घेत नाही. खरं सांगितलंस तर सहा वर्गांचे सहा तास मुळात नव्हतेच असं होईल, आणि तुझ्या मोठ्या सरांची अट तू पहिल्याच आठवड्यात मोडलीस असं होईल. चूक माझी आहे, पण भोगावं तुला लागेल. मला त्याचं वाईट वाटतं, फार वाईट वाटतं. म्हणून सांगते, एकदा खोटं बोल.

तुझी,
मावशी


१९ जून

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

मी खोटं बोलणार होते. शपथेवर सांगते. कार्य-नागरिकत्वावर चार पानं लिहून नेली होती, त्यात 'सर्वांगीण' हा शब्द अकरा वेळा होता.

सभेत सगळे बसले. मी उभी राहिले. समोर चित्रकलेच्या बाई वही उघडून, पेन सरसावून बसलेल्या. पुढच्या आठवड्यात नावांना शिडं लावू का, असं त्यांनी मला सकाळीच विचारलं होतं. माझ्याकडे इतक्या विश्वासाने आजवर कुणी पाहिलेलं नाही. मग मी चार पानांची घडी घातली आणि सगळं सांगून टाकलं. तक्ता तुझा, नक्कल माझी, पाकीट, बटाट्याच्या साली, सगळं. आणि शेवटी, का. ना. म्हणजे काही नाही.

शारीरिक शिक्षणाच्या सरांनी टॉर्च हळूच खिशात घातला. गणिताचे सर म्हणाले की त्यांना पहिल्यापासून शंका होतीच, पण काठावरच्या दहा जणांना आता अपूर्णांक यायला लागलेत, त्याचं काय करायचं. मी छत्र्यांच्या दुकानाचा विचार करत होते. काळ्या छत्र्या डावीकडे, रंगीत उजवीकडे.

मग मोठ्या सरांनी चष्मा काढला आणि आपण शुक्रवारी दहावीत काय शिकवलं ते सांगितलं. मावशी, विश्वास ठेवणार नाहीस. का. ना. म्हणजे काय ते त्यांनाही माहीत नव्हतं, आणि स्वतःच सही केलेली, त्यामुळे विचारायची चोरी. म्हणून कारकिर्दीतल्या नामुष्क्या असा अर्थ लावून त्यांनी दहावीला आपल्या नामुष्क्या सांगितल्या. पहिल्या दिवशी ते चुकून शेजारच्या शाळेत शिकवून आले होते ती. पाहुण्यांच्या गळ्यात घालायचा हार स्वतःच्याच गळ्यात घातला ती. ते स्वतः दहावीत दोनदा बसले तीसुद्धा. मुलं बाकांवरून खाली पडायची बाकी होती म्हणाले. आणि तास संपल्यावर एक मुलगी मागे थांबली. ती मागच्या वर्षी नापास झाली होती आणि यंदा यायचंच नाही असं ठरवत होती. सोमवारी येते, असं सांगून गेली.

अकरा वर्षांत आपण वर्गावर गेलो नव्हतो, असंही ते म्हणाले. त्यानंतर त्यांना पाणी प्यावं लागलं.

मग ते एकदम मुख्याध्यापक झाले. अट अशी होती, म्हणाले, की एकही तास शिक्षकाविना राहू नये. एकही राहिला नाही. त्या तासाला विषय असावा असं अटीत कुठे म्हटलेलं नाही. मोठ्या क्लार्कांनी कपाट उघडून माझ्या अटीचा कागद पाहिला आणि तसं म्हटलेलं नाही, असं खात्रीने सांगितलं.

मी कायम झाले, मावशी! पत्र काल हातात आलं. फक्त क्लार्कांनी विषयाच्या रकान्यात भूगोल आणि का. ना., दोन्ही टंकलिखित केलं आहे. मी दुरुस्ती सुचवली, तर ते म्हणाले अर्ज करा. मी नाही करत.

आईला तूच कळव. तिला छत्र्यांचं वाईट वाटेल.

तुझी कायमची,
ढब्बू


२३ जून

चि. ढब्बूस,
अ. उ. आ., आणि यावेळी एक जास्तीचा.

आईला कळवलं. ती म्हणाली की कायम झाली ते ठीक, पण काही नाही शिकवायला कॉलेजात कशाला पाठवली. तिचं मनावर घेऊ नकोस. फोन ठेवल्यावर तिने तीन शेजारणींना बातमी दिली, आणि त्यात विषयाचं नाव फार मोठं आणि नवीन आहे असं सांगितलं.

मी तुला खोटं बोलायला सांगितलं आणि तू बोलली नाहीस, याचा मला आधी राग आला. दोन वर्षं मी त्या चौकोनामागे लपून पाय वर करून बसले. मुलांना मैदानात सोडलं आणि हुशारी केली असं वाटून घेतलं. त्यात एखादी परत न येणारी असेल, हे माझ्या मनातही आलं नाही. तू खोलीभर माणसांसमोर उभी राहून खरं बोललीस, तेही नोकरी पणाला लावून. मला नसतं जमलं, ढब्बू. मला खरंच जमलं नसतं.

पत्र वाचताना शेजारीण आली होती. डोळ्यांना काय झालं म्हणून तिने विचारलं, तर मी काही नाही म्हणाले.

शिडांसाठी जाड कागद घ्या म्हणावं, पातळ भिजतो. लोभ आहेच, त्याला वेळापत्रक लागत नाही.

तुझी,
मावशी