मंगळ, सातव्या मजल्यामार्गे

३ मार्च, सोमवार. सकाळ.
आजपासून रोज लिहायचं. मंगळावर जाणाऱ्या माणसाने मागे काहीतरी टिपून ठेवलेलं बरं. वही जुनी आहे, पण मागची पानं कोरी आहेत.
निर्णय झाला. वीस वर्षांत मंगळावर माणसांची वस्ती होणार. सलूनमधल्या टीव्हीवर तिघे जाणकार होते. एक म्हणाला वीस वर्षं, दुसरा म्हणाला शंभर, तिसरा नुसता हसला. मी वीस धरली. शंभर मला जमण्यासारखी नाहीत.
सलूनवाला म्हणाला, काका, तेव्हा तुमचं वय काय असेल? त्याचा वस्तरा माझ्या गळ्यावर होता, म्हणून वाद घातला नाही.

संध्याकाळ.
हिला सांगितलं. ही वर्तमानपत्रात भांडी गुंडाळत होती. महिनाअखेरीला आमची ही बैठ्या घरांची रांग पाडणार आहेत, आणि लेकीने तिच्याकडे सातव्या मजल्यावर आमच्यासाठी एक खोली रिकामी केली आहे. सगळं ठरलंय, मला विचारायचं तेवढं राहिलं. मी म्हणालो, दोनदा सामान हलवण्यात शहाणपण नाही, एकदम मंगळावरच हलवू. ही म्हणाली, हलवा, आणि जाताना तो मोडका पंखाही न्या, इथली अडगळ तरी जाईल.
पंख्याचा विचार केला. तिथे हवाच नाही म्हणतात. म्हणजे मोडका असला तरी चालेल.

५ मार्च.
काल लिहिलं नाही. लेकीचा फोन होता, बाबा, लिफ्ट सुरू झाली.
लिफ्ट ही वस्तू मला पटत नाही. माणसाला पेटीत घालायचं आणि पेटी तारेला टांगायची. रॉकेटचं तसं नाही. रॉकेटला तारच नाही, तर तुटणार काय?

६ मार्च.
फार मोठी बातमी. टीव्हीवर म्हणाले, मंगळावरच्या घराला सुईएवढं भोक पडलं तरी आतली हवा निघून जाईल आणि सगळे खलास. सलूनमध्ये मी एकटा खूश. चाळीस वर्षं सायकलींची पंक्चर काढली, सुईएवढ्या भोकांवरच तर माझा संसार उभा राहिला. शास्त्रज्ञ हवा कोंडतील, पण गळती कोण शोधणार? तिथे माझ्याशिवाय पान हलणार नाही. तिथे पान नाही, ती गोष्ट वेगळी.
संकल्प: पहाटे उठणे. चहात साखर अर्धी. सातवा मजला नको असं लेकीला स्पष्ट कळवणे.

७ मार्च.
उठायला उशीर झाला. साखर तिथे मिळणार नाही, म्हणून आहे तोवर पुरती घेतली. लेकीचा फोन एंगेज. लावून बघितला नाही, पण या वेळी ती कोणाशी तरी बोलतच असते.

९ मार्च, रविवार.
लेक आणि जावई येऊन गेले. जावयाने टेप लावून सगळं मोजलं. कपाट बसेल, पलंग बसेल, दुकानातला माझा बाक बसणार नाही. मी म्हणालो, मला काही वाटत नाही, मी असाही मंगळावर चाललोय. लेक म्हणाली, बाबा, तिथे पोचायला कित्येक महिने लागतात, तुम्हाला बसमध्ये दोन स्टॉपवर मळमळतं. मी म्हणालो, ते खड्ड्यांमुळे. जावई म्हणाला, मंगळावर तर खड्डेच खड्डे आहेत. अशा माणसाला आपण मुलगी दिली.
निघताना लेकीने हिला हळूच विचारलं, बाबा गमतीने बोलतात ना गं? ही म्हणाली, गमतीने बोलायला लागले तर मला काळजी वाटेल.

१३ मार्च.
ट्रेनिंगची तयारी. मागची खोली हवाबंद केली. जुन्या ट्यूब उभ्या कापून खिडकीच्या फटींवर चिकटवल्या. दाराच्या पट्ट्याही कापून ठेवल्या, त्या आत गेल्यावर लावायच्या. पंक्चर चिकटवायच्या सोल्यूशनचा आख्खा डबा लागणार. आत सात दिवस राहणार. मग जावयाला विचारणार, आता बोला.

१५ मार्च, शनिवार. सकाळ.
आत आलो. सोबत पाणी, बिस्किटं, वही, पायपंप. हिला बजावलं, सात दिवस दार वाजवायचं नाही. ही म्हणाली, बरं, जाताना दुधाखालचा गॅस बंद करा.
दार चिकटवलं. चौकटीला साबणाचं पाणी लावून पंप मारला. एकही बुडबुडा नाही. उत्तम.

थोड्या वेळाने.
अंग हलकं वाटतंय. मंगळावर वजन कमी भरतं म्हणतात. म्हणजे वातावरण जमत आलं. सोल्यूशनचा वासही येईनासा झालाय.

आणखी थोड्या वेळाने.
भिंतीवरचं कॅलेंडर हसलं. मीही हसलो. लग्नात हार घालताना मी हिच्या तोंडावर शिंकलो होतो, ते आठवून पोट धरून हसलो. मंगळावर माणसं सुखात राहतील.

नंतर.
ही दारापलीकडून म्हणाली, अहो, चहा झालाय. मी म्हणालो, सात दिवसांनी. ही म्हणाली, गार होईल. मग म्हणाली, मी तीस तारखेला लेकीकडे जाणार. तुम्ही मंगळावर जा, नाहीतर इथे विटांच्या ढिगावर बसा. मला तिथे एकटीला करमायचं नाही, पण जाणार.
आवाज भांडणाचा नव्हता. म्हणून उठलो दार उघडायला.
उघडत नाही. मी चिकटवलेलं कधी सुटलेलं नाही.

१६ मार्च.
काल हिने फोन करून जावयाला बोलावलं, त्याने दार फोडलं. म्हणाला, तसंही पडायचंच होतं. डॉक्टर म्हणाले, बंद खोलीत तो वास घेतल्यावर डोकं गरगरणारच, वाचलात. जावयाने विचारलं, पंप कशाला होता? समजावून सांगितलं. तो म्हणाला, बाबा, तुम्ही खोलीतली हवा खोलीतच भरत होतात. विचार केला. त्यात तथ्य आहे. पण गळती नव्हती, हे त्याला मान्य करावं लागलं.
लेक आधी रडली, मग ओरडली. ही माझ्या बाहीला चिकटलेले रबराचे तुकडे काढत बसली.
नवा निर्णय: सातव्या मजल्यावर जायला हरकत नाही. उंचीची सवय होईल. ट्रेनिंगचा भाग समजायचा. तात्पुरतं.

३० मार्च.
सामान हललं. ही लिफ्टने गेली, मी जिन्याने. चौथ्या मजल्यावर पायरीवर टेकलो, सहज. तेवढ्यात पेटी येऊन थांबली. आत ही. दार धरून म्हणाली, या, मी आहे ना.
तीन मजल्यांचा प्रवास झाला. डोळे मिटलेले होते, त्यामुळे वर्णन देता येत नाही. हात कोणाचा धरला होता ते नोंदवण्याची गरज नाही.
बाक आला नाही. पण ट्यूब बुडवून बुडबुडे बघायचं माझं घमेलं हिने भांड्यांच्या पोत्यात लपवून आणलं.

२ एप्रिल.
जावयाने खिडकीतून मंगळ दाखवला. तांबडा ठिपका, स्वच्छ दिसतो. त्याच खिडकीतून आमची रांग शोधली. ती दिसत नाही.
वस्तीबद्दल माझं मत बदललंय. वीस नाही, शंभर वर्षं लागतील. घाई करू नये. मला अजून इथल्या मोरीच्या दिव्याचं बटण सापडत नाही.
खाली एक चक्कर मारून यावं म्हणून लिफ्टपर्यंत गेलो होतो. बटणही दाबलं. पेटी आली, उघडली, रिकामी होती. परत आलो.
ही झोपली आहे. उठली की जाऊ.