सव्वीस वर्षांची साक्ष

लांगवोग,
१४ मार्च १९८८

प्रिय योरुन,

तुझं आमंत्रण मिळालं त्याच दिवशी मी 'नक्की येते' असं उत्तर टाकलं होतं, ते आता रद्द समज. रागावू नकोस, आधी शेवटपर्यंत वाच. तू लिहिलं होतंस, "मे महिन्यात पेंटेकॉस्टच्या रविवारी बाळाचा बाप्तिस्मा आहे, आई, तू ये. पण ज्या माणसाने मला बर्फात मरायला सोडलं त्याच्या हातात मी माझी मुलगी देणार नाही, त्याला आणू नकोस." मी ते पत्र तुझ्या बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते वाचताना मला आतून थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू? ते म्हणाले, "बरोबर आहे तिचं. तू जा. येताना फोटो आण." आणि जाळ्याला गाठी मारायला शेडमध्ये निघून गेले. मी मनात म्हटलं, करावं तसं भरावं. त्यानंतर दोन आठवड्यांनी माझ्या पायाखालची जमीन जी सरकली, ती अजून जागेवर आलेली नाही. मी चूल पेटवते, बटाटे उकडते, लोकांशी हवापाण्याचं बोलते, आणि मधेच उभी राहते ती उभीच.

आपल्या प्रार्थनाघरातली वार्षिक मिशन सभा कशी असते हे तुला मी काय सांगू? अठरा वर्षांची होईपर्यंत तू पहिल्या बाकावर बसून ती भोगलीस. यंदाही सगळं तसंच झालं. मॅडागास्करच्या मिशनसाठी गाणी झाली, मालफ्रिडने अध्यक्षीणबाईंच्या थाटात अहवाल वाचला, आणि मग "आता अर्नफिन आपली साक्ष देतील." ते उठले, कोटावरची दारू सोडल्याची निळी फीत नीट केली, आणि दरवर्षीची तीच वाक्यं म्हणाले. मी दारुडा होतो. बासष्ट सालच्या फेब्रुवारीत एका सकाळी मी पिऊन पडलो होतो, तेव्हा माझी चार वर्षांची मुलगी एकटी बर्फात निघून गेली. तिची दोन बोटं गेली. प्रभूने माझी दारू सोडवली. त्याचे आभार. बस, एवढंच. एकदा बाहेरून आलेल्या प्रचारकाने त्यांना सांगितलं होतं, "अर्नफिन, जरा रंग भरा, लोक हेलावतील." बाबा म्हणाले, "रंग माझ्याकडे नाही. ज्याच्याकडे आहे त्याला उभं करा." आम्ही हसलो होतो. साक्ष देताना ते तुझ्याकडे कधी बघायचे नाहीत, आठवतंय? तू म्हणायचीस, लाज वाटते त्यांना. मीही तेच समजत होते. त्यांच्यानंतर मालफ्रिड मला उभी करायची, "आणि ही आपली बोर्गहिल्ड, हिने क्षमा केली," म्हणायची. मग सगळे माझ्याकडे बघून गाणं म्हणायचे. मी मान खाली घालून उभी राहायचे. मला ते आवडायचं, योरुन. वर्षभरात तेवढ्या एका दिवशी मी कुणीतरी असायचे.

यंदा मागच्या बाकावर सिव्हर्ट होता. तुला तो आठवणार नाही. आम्ही होल्मेन बेटावर राहत होतो तेव्हा तो बाबांबरोबर बोटीवर असायचा, आणि बासष्टच्याच वसंतात अमेरिकेला गेला. आता इतक्या वर्षांनी बहिणीला भेटायला आला आहे. बेटावरची माणसं पुढे चहूकडे पांगली, आम्ही इथे आलो, त्यामुळे त्या सकाळबद्दल इथल्या लोकांना बाबांनी सांगितलं तेवढंच ठाऊक. सभेनंतर मी किटली घेऊन सगळ्यांना कॉफी ओतत फिरत होते, तर सिव्हर्ट म्हणतो, "बोर्गहिल्ड, तुझ्या नवऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे ना?" मी म्हटलं, "तुझ्यापेक्षा बरं आहे. लेफ्से घे, लोणी-साखर लावलेली आहे." तो म्हणाला, "अगं, चेष्टा नाही करत. त्या सकाळी हा घरी कुठला? वर उत्तरेला लोफोटेनला मासेमारीवर होता, माझ्या शेजारी उभा राहून जाळी ओढत होता. तार आली तेव्हा मीच धरलं त्याला. आणि पिऊन? ऑक्टोबरमध्येच माझ्या हातातली बाटली घेऊन त्याने समुद्रात भिरकावली होती. चांगली भरलेली बाटली. आठवडाभर मी त्याच्याशी बोललो नव्हतो. म्हातारपणी लोक आपली पापं विसरतात, हा पठ्ठ्या न केलेली आठवतोय." आणि हसला. मालफ्रिडचा कप भरून कॉफी बशीत, बशीतून टेबलावर आली तरी माझा हात थांबेना. ती ओरडली तेव्हा मला कळलं.

तिसऱ्या दिवशी शेडमध्ये गेले. मी म्हटलं, "सिव्हर्ट म्हणतो, तू लोफोटेनला होतास." बाबा मान वर न करता म्हणाले, "सिव्हर्ट नेहमीच जास्त बोलायचा. अमेरिकेने सुधारेल वाटलं होतं." मी म्हटलं, "अर्नफिन, माझ्याकडे बघ. मग त्या सकाळी घरात कोण होतं?" त्यांनी हातातली गाठ आवळली. मग म्हणाले, "आजारी बाई होती एक. तिचं बाळ पोटातच गेलं होतं. सोड आता."

मला त्या हिवाळ्यातलं फारसं काही आठवत नाही, आणि मला वाटायचं दुःखाने आठवत नाही. शरदात तुझा भाऊ मृत जन्मला. डॉक्टर बोटीने आले आणि त्यांनी मला लहान पांढऱ्या गोळ्या दिल्या, एक सकाळी, एक संध्याकाळी. त्या फार चांगल्या होत्या. मी एकाच्या दोन केल्या, दोनाच्या चार. पुढचं एवढंच आठवतं, की मी क्रिस्टियानसुंडच्या इस्पितळात आहे, बाबा खाटेशेजारी बसलेत, अंगाला मासळीचा वास, आणि ते म्हणताहेत, "मी घरी आलो होतो. मी प्यालो होतो. चूक माझी आहे." मी लगेच मानलं. लग्न झाल्यापासून ते पीतच तर होते, मग शंका कशाला घ्यायची? खरं काय झालं ते त्या दिवशी शेडमध्ये त्यांच्याकडून एकेक शब्द उपटून काढावं लागलं. मी गोळ्या घेऊन अंथरुणात पडले होते. तू मला उठवलंस, मी उठले नाही, म्हणून तू शेजारच्या म्हातारीकडे निघालीस, नुसत्या झग्यावर, अनवाणी. तिने तुला होड्यांच्या शेडपाशी पाहिलं. मग तिनेच तार केली. बालकल्याण समितीचा माणूस इस्पितळात आला, तेव्हा त्याच्या हातात दोन कागद होते: आईला वेड्यांच्या इस्पितळात पाठवायचं आणि मुलीला दुसऱ्या घरी द्यायचं. बाबांनी त्याला सांगितलं, मी घरात होतो, पिऊन पडलो होतो. दारुड्या बापाचं काय करायचं हे समितीला पाठ होतं. शपथ घ्यायला लावायची, प्रार्थनाघरात नाव घालायचं, आणि वर्षातून एकदा चारचौघांत उभं करायचं. म्हातारी गप्प राहिली, तिने तुला आणि मला दोघींना वाचवलं, आणि मेली.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ती फाशी आपल्या घरात दरवर्षी होत होती, आणि मी पहिल्या बाकावर बसून गाणं म्हणत होते. त्यांची दारू खरंच सुटली होती, योरुन, पण चार महिने आधी, भर समुद्रात, कुणी न सांगता. एकटेच गुडघ्यावर बसले आणि सुटली. माणसाच्या आयुष्यातला एवढा मोठा दिवस, तो त्यांनी कधी कुणाला सांगितलाच नाही. मी म्हटलं, "देवाच्या घरात उभं राहून इतकी वर्षं खोटं बोललास?" ते म्हणाले, "देवाला ठाऊक होतं. त्याचं माझं बोलणं झालं होतं. गावाशी नव्हतं झालं." मी म्हटलं, "आणि योरुन? तिने बारा वर्षं तुझं तोंड पाहिलं नाही." तेव्हा त्यांनी जाळं खाली ठेवलं. म्हणाले, "पोरीला आई हवी होती. बाप नसला तरी माणूस वाढतं. माझा तरी कुठे होता?"

मला त्यांचा रागही आला, हे तुला सांगितलंच पाहिजे. माझी चूक माझ्याकडून परस्पर काढून घ्यायचा त्यांना काय अधिकार? मला कळलं असतं तर मी तेव्हाच गोळ्या सोडल्या असत्या. असं मी त्यांना तावातावाने म्हणाले, आणि घरात आले, आणि पहिल्यांदा काय केलं असेल? ओट्यावरच्या साखरेच्या डब्यामागे हात घातला. गोळी जिभेवर ठेवल्यावर मला कळलं मी काय करतेय. सव्वीस वर्षं गोळ्यांची डबी साखरेमागेच असते. तू लहान असताना विचारायचीस, तर मी म्हणायचे, आईचं औषध.

आपल्या प्रार्थनाघराची पापं मोजायची रीत तुला ठाऊक आहे. मालफ्रिडने खोकल्याचं औषध मोरीत ओतलं, कारण त्यात दारूचा वास आला. तिच्या नणंदेने बर्गनहून चॉकलेटं पाठवली, आत दारूचा थेंब निघाला, तर अख्खा डबा समुद्रपक्ष्यांना टाकला. आणि विणकामाच्या बैठकीत तीच मालफ्रिड पर्स उघडून म्हणते, "घे गं, आज तुझा चेहरा ओढलेला दिसतोय, अर्धी माझ्यातली घे." आम्ही सात बायका मिशनसाठी मोजे विणत एकमेकींना गोळ्या वाटायचो आणि दारुड्यांसाठी प्रार्थना करायचो. स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही म्हणतात, पण आमचं मुसळ तर डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलेलं होतं. बाटलीत नाही ते पाप नाही, असं आम्ही मानून चाललो. बाबांना हे दिसत होतं का? दिसत होतं. आता म्हणतात, "दोनदा बोललो होतो. दुसऱ्यांदा तू मला ऐकवलंस, दारुड्याने शहाणपण शिकवू नये. मग काय बोलणार?" मी असं म्हणाले असेन. माझ्या तोंडी शोभतं ते.

मागच्या बुधवारी मी नव्या डॉक्टरबाईंकडे गेले. तुझ्याच वयाची आहे, जरा उद्धट. तिने विचारलं, दिवसाला किती? मी म्हटलं, तीन. तिने नुसतं बघितलं. मी म्हटलं, सात. ती म्हणाली, एकदम सोडलंत तर फिट येईल, हळूहळू सोडवायला हवं, कुणाच्या तरी नजरेखाली. मोल्डेजवळ आपल्या मिशनचं दारुड्यांसाठी घर आहे, तिथे बायकांसाठी दोन खाटा आहेत. चिठ्ठी मालफ्रिडच्या हातून जाते, म्हणून मी तिच्याकडे गेले. ती म्हणाली, "अगं पण ते दारुड्यांचं आहे." मी म्हटलं, "मग मी कोण?" ती मला आत घेऊन दार लावत म्हणाली, "बोर्गहिल्ड, तुला धक्का बसलाय. अर्धी घे आणि पड जरा." मी तिच्या हातातली ती अर्धी गोळी कितीतरी वेळ बघत उभी होते. घेतली नाही. घ्यायची होती. शेवटी तिने रडत रडत सही केली, आणि मला वाटतं ती माझ्यासाठी रडत नव्हती.

तर आता हे पत्र कशासाठी, ते. ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी मी प्रार्थनाघरात उभी राहणार आहे आणि ती साक्ष ज्याची त्याच्या नावावर करणार आहे: त्या सकाळी घरात मी होते. बाबा नको म्हणतात, पण या वेळी त्यांचं ऐकणार नाही. त्याआधी तुला माझ्याकडून कळायला हवं होतं. एप्रिलमध्ये मी मोल्डेला जाते. किती आठवडे ते डॉक्टरबाईही सांगत नाहीत. बाप्तिस्म्याला मी येणार नाही. तुला बर्फात सोडणाऱ्याच्या हातात बाळ देणार नाही, हा तुझा नियम मला मान्य आहे, फक्त त्यात नाव चुकलं होतं. मला क्षमा कर असं मी लिहीत नाही. क्षमेची गाणी मी भरपूर ऐकली, तीही चोरलेली. तुझ्याकडे एकच मागणं आहे. बोटीचं तिकीट मी बाबांच्या नावाने काढलं आहे, पेंटेकॉस्टच्या आदल्या शनिवारी दुपारी ते तुमच्या ट्रॉन्हाइमला उतरतील. तू बोलावलंयस असं मी त्यांना सांगणार आहे. हे खोटं आहे; हे पत्र वाचून झाल्यावर ते खोटं राहू देऊ नकोस. ते तुझी घंटा एकदाच वाजवतील, आणि दार लगेच उघडलं नाही तर आपण नको आहोत असं समजून जिन्याने खाली उतरतील. म्हणून त्या दुपारी घरातच थांब.

तुझीच,
आई