साडेबाराचं दूध

माय, तुझी नात काल तिचं बाळ घेऊन माझ्याकडे आली. महिन्याभराचं आहे. जरा कुरकुरलं की पदर ओढून त्याला पाजायला बसते. माझी नजर सवयीनं घड्याळाकडे गेली, तशी हसून म्हणाली, "आई, आता डॉक्टरच सांगतात, रडलं की पाजायचं." मी चहाच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले.

हिच्या वेळी तू हेच तर सांगत होतीस. आणि मी तुला दवाखान्यातून आणलेलं पुस्तक वाचून दाखवत होते! नऊला बाटली, साडेबाराला मी शाळेतून आल्यावर अंगावरचं, मधे थेंबसुद्धा नाही, रडली तरी उचलायचं नाही. तू हिला सांभाळायला आलीस, तेव्हा आमच्या त्या दोन खोल्यांत मी भिंतीवर वेळापत्रकही चिकटवलं होतं, तुला वाचता येत नव्हतं तरी. "लेकरू काय पोस्टाफीस आहे वं, टायमावर उघडायले?" तू म्हणालीस. मला राग आला. कामठीच्या विडी कारखान्यात पानं कापून कापून तू मला शिकवलंस, मास्तरीण केलंस, आणि तुझ्यासारखं काही करायचं नाही एवढंच मी शिकले. "काहून रडवून राहिली तिले?" असं तू रोज विचारायचीस, पण वेळ पाळायचीस. शिकलेल्या लेकीचा हुकूम होता ना.

त्या दिवशी मी अडीचला घरी आले. तीन महिन्यांची पोर पाळण्यात शांत निजलेली. आधी मला बरंच वाटलं. उचलली तर मान लुळी. हलवली तरी डोळे उघडेना. श्वास इतका हळू, की मी नाकाशी बोट धरून पाहिलं. रिक्षात ती माझ्या मांडीवर आहे आणि तू शेजारी "ऊठ वं माय, ऊठ" करत तिचे तळवे चोळते आहेस. डॉक्टर विचारतात, काय दिलं? तू पदराची गाठ सोडून काळी गोळी त्यांच्या टेबलावर ठेवतेस. अफू. "लय रडून राहिली होती, साहेब. दूध देऊ नको म्हणे हे माही लेक. मंग मोहरीएवढी चाटवली. कारखान्यात आमी साऱ्याजणी द्याचो. हिले बी देली होती." पानं कापणाऱ्या तुमच्या ओळीमागे टोपल्यांत निजलेली पोरं मला आठवली. मीही त्यातलीच. हात थांबवून पोराला घेऊन बसायची सोय तुम्हाला कुठे होती!

मग डॉक्टर माझ्याकडे वळले. "आणि तुम्ही कुठे होतात?"

"शाळेत सभा होती," मी म्हणाले.

दिवेलागणीच्या आत पोरीनं डोळे उघडले आणि भोकाड पसरलं. माझ्या जिवात जीव आला. तू हात पुढे केलेस, आणि मी सगळ्या वॉर्डासमोर ओरडले, "पुन्हा माह्या लेकराले हात लावला तं पाहून घे!" घरात कधी न बोललेली तुझी बोली तेवढ्यापुरती बरी आली तोंडात. तू हात मागे घेतलेस. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं कामठीला निघून गेलीस.

पहिल्या वाढदिवसाला आलीस ती दाराशीच बसलीस. पोर डुगडुगत तुझ्याकडे आली, मांडीवर चढू लागली. तू दोन्ही हात पदराखाली घेतलेस आणि माझ्याकडे पाहिलंस. "घे, माय." एवढे दोनच शब्द मी म्हणायला हवे होते. मी पुऱ्या तळत राहिले. पुढच्या उन्हाळ्यात तू गेलीस.

हे पत्र कुठे टाकायचं, मला ठाऊक नाही. तरी एक लिहून टाकते, जे तुझ्या जावयालाही कधी सांगितलं नाही. सभा नव्हती, माय. शाळा त्या दिवशी अकरालाच सुटली. मी घरापासून पाच मिनिटांवर, एका हॉटेलच्या फॅमिली रूममध्ये एकटी बसले होते. डोसा खाल्ला, कॉफी घेतली, मग आणखी एक कॉफी. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच कुणी मला हाक मारत नव्हतं. साडेबारा वाजले. दुधानं पोलकं भिजायला लागलं. मी वरून पदर ओढून घेतला आणि बसून राहिले.