निळ्या ठिपक्याचे पाणी

मी, खाली डाव्या हाताचा अंगठा उठवणारी, वय वर्षे त्रेसष्ट, अविवाहित, संशोधन संस्थेतून निवृत्त झालेली तंत्रसहायक, जिला संस्थेत लहानथोर सगळे थेंबमावशी म्हणत, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणी कान न भरता, स्वतःच्या तोंडाने सांगून लिहवून घेत आहे. लिहिणारे आमच्या खालच्या मजल्यावरचे वकील आहेत. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हातांचा दाखला कोणी मागितला नाही. दीड वर्षापूर्वी उजव्या हाताची करंगळी गेली, मग एकेक करून सगळी बोटे. ज्या हाताने मी एका थेंबाचा पन्नासावा भाग डोळे मिटून उचलत असे, त्या हाताने आता चहाचा कप धरवत नाही. आजाराला औषध नाही. डॉक्टर तसे स्पष्ट म्हणाल्या, आणि त्यांनी गोड बोलून वेळ घालवला नाही म्हणून मी त्यांचे आभार मानते.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असल्याचे कोणी म्हटल्यास तो खोटे बोलतो आहे.

कलम १. दुसऱ्या मजल्यावरचे माझे दोन खोल्यांचे घर माझ्या धाकट्या बहिणीला आणि तिच्यानंतर तिच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला मिळावे. मागची खोली मात्र पहिल्या दिवसापासून भाचीच्या नावाची समजावी. ती यंदा दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेत संशोधनाला लागली आहे. या कामातून अनेकजण हात हलवत परत येतात, आणि तेव्हा त्यांना प्रश्न न विचारणारी एक खोली लागते. ती आली तर बहिणीने ‘मग आता पुढे काय?’ असे पहिले सहा महिने विचारू नये. हे वाक्य कायद्यात बसत नाही असे वकील म्हणतात. तरी लिहा म्हटले.

इथेच भाची म्हणाली, “मावशी, साक्षीदार म्हणून मी करते सही, बाहेरची माणसं कशाला?” वकील खुर्चीतून उठलेच. “अगं थांब! ज्याला काही मिळायचंय त्यानं साक्ष करायची नसते. केलीस तर तुझं देणं बुडालं. खोली गेली, सगळं गेलं.” भाचीने पेन असे खाली टाकले की जणू तापलेली सांडशी. बऱ्याच दिवसांनी मी पोटभर हसले, आणि हसताना ठसका लागून सगळ्यांची पळापळ झाली.

कलम २. बँकेतली ठेव बहिणीला. ती माझे जेवण भरवते, केस विंचरते आणि दिवसातून चारदा माझ्यावर खेकसते. तिन्ही कामे ती मनापासून करते.

कलम ३. निवृत्तीच्या दिवशी संस्थेने दिलेले भिंतीवरचे घड्याळ, जे आठवडाभरात बंद पडले, ते आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, म्हणजे सर, यांना परत द्यावे. सोबत कलम ६ ची एक प्रत द्यावी आणि ती हातात दिल्याची पोच घ्यावी. वरच्या मजल्यावरच्यांना, ज्यांच्या मोरीचे पाणी नऊ वर्षे माझ्या कपाटावर ठिबकते आहे, त्यांना ते कपाट द्यावे.

देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. हाताच्या नसा हव्या तेवढ्या कापून बघाव्यात. कशामुळे झाले ते कळले तर माझ्या बहिणीला सांगावे, तिला फार वाटते की जन्मभर हातमोजे घातल्यामुळे झाले.

कलम ४. जे माझे नाही ते मला देता येत नाही, पण सांगून ठेवते. संस्थेतल्या उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमध्ये खालच्या तीन कप्प्यांत माझ्या अक्षरातल्या सहा हजारांवर नळ्या आहेत. कोणत्या नळीत कोणत्या बियाण्याचा अर्क आहे हे माझ्या एकतीस वह्यांत आहे, आणि वह्या नियमाप्रमाणे संस्थेच्या आहेत. गेल्या वर्षी मामा सांगत आले की वह्या जिन्याखाली टाकल्या आहेत आणि तिथे ओल आहे. मामा म्हणजे आमच्याकडे काचेची भांडी धुणारे गृहस्थ, तेही आता निवृत्त आहेत. मी संस्थेला तीन पत्रे पाठवली. एकाचे उत्तर आले, त्यात माझ्या प्रकृतीची चौकशी होती. मी हात टेकले.

कलम ५. प्रयोगाची मिनिटे मोजायला गळ्यात अडकवायचे माझे गजराचे घड्याळ, आणि या कागदात दुसऱ्या कोणाला न दिलेले जे उरेल ते सगळे, भाचीला. त्यासोबत काही गोष्टी. तिने त्या ऐकाव्यात अशी अट घालता येत नाही, हे मला समजते.

मार्गदर्शक निवडताना त्याचे किती लेख छापून आले ते बघू नकोस. त्याच्याकडून अर्ध्यावर सोडून गेलेल्या मुली शोध आणि त्यांच्याबरोबर चहा पी. नळी उघडण्याआधी यंत्रात फिरवून घे, झाकणाला लागलेले खाली बसते. कोणाचाही अर्क स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय चांगला म्हणू नकोस, आणि वाईटही म्हणू नकोस. नोकरीची पत्रे येत नाहीत म्हणजे तू कमी आहेस असे नव्हे. जागाच कमी आहेत. वहीत चूक झाली तर पान फाडायचे नाही, पांढरा रंग फासायचा नाही. चुकीवर एकच रेघ मारायची, अशी की खालचे वाचता आले पाहिजे, आणि शेजारी तारीख घालून सही करायची. हे मी चौतीस वर्षे प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या दिवशी शिकवले. स्वतः मात्र एकदा पान फाडण्याहून वाईट केले, ते पुढे येते.

कलम ६. हे खासगी पत्रात लिहावे असे वकिलांनी तीनदा सुचवले. पत्र मी अकरा वर्षांत चारदा लिहिले आणि चारदा फाडले. मृत्युपत्र फाडायला निदान मी असणार नाही, म्हणून इथेच.

आमच्याकडे एक संशोधक विद्यार्थिनी होती. सतत पळत असे म्हणून मीच तिचे नाव भिंगरी ठेवले. बियाण्यात लपलेली एक बुरशी तिच्या जनुकावरून ओळखायची, हे तिचे काम. साथीच्या वेळी नाकात काडी घालून जी चाचणी सगळ्यांची झाली, त्याच जातीची ही चाचणी. जनुकाचा एक कण असला तरी यंत्र त्याच्या कोट्यवधी नकला काढते आणि मग जेलवर, म्हणजे जेलीसारख्या पातळ वडीवर, त्याचा पट्टा दिसतो. एक कण पुरतो, म्हणून घाणीचा एक कणही पुरतो. त्यासाठी दर वेळी एका नळीत बियाण्याच्या अर्काऐवजी नुसते पाणी घालतात. पाण्याच्या जागी जेल कोरे राहायला हवे. तिथे पट्टा आला की बाकीच्या सगळ्या पट्ट्यांवर पाणी सोडायचे.

भिंगरीच्या चौथ्या वर्षी तिच्या पाण्यात पट्टा येऊ लागला. सात महिने येत राहिला. तिने हातमोजे बदलले, टेबल रसायनाने पुसले, थेंब मोजून उचलायच्या पिपेट उकळून काढल्या. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन काम करून पाहिले. एकच गोष्ट तिने बदलली नाही. आमच्या प्रयोगशाळेत पाणी मी भरत असे. वर्षाच्या पहिल्या सोमवारी, निर्जंतुक करून, छोट्या नळ्यांत, झाकणावर निळा ठिपका. दुसऱ्या कोणी पाणी भरायचे नाही, हा माझाच नियम होता आणि मला त्याचा अभिमान होता.

एकदा ती म्हणाली, “मावशी, एकदाच बाहेरचं पाणी आणून बघू का?”

मी म्हणाले, “पंचवीस वर्षं ही लॅब माझ्या पाण्यावर चालली आहे. बाकी कोणाला येतो का पट्टा? आधी स्वतःचे हात बघ.”

तिने खरेच हात बघितले. दोन्ही तळवे उलटसुलट करून. मला ते रोज दिसते.

सरांनी मला बोलावून विचारले, “तुमचं काय मत?” मी म्हणाले, “तिचा हात स्वच्छ नाही, सर.” माझ्या शब्दाला तिथे किंमत होती. तिची शिष्यवृत्ती पुढे वाढली नाही आणि दीड महिन्यात ती टेबल रिकामे करून गेली. जाताना तिने मला वाकून नीट विचारले, “नळ्या धुवायला टाकू की फेकू?” मी ‘फेक’ म्हणाले.

तिचे काम सरांनी माझ्याकडे दिले. पाच आठवड्यांनी माझ्या स्वतःच्या जेलवर, माझ्या पाण्याच्या जागी, तोच पट्टा आला. मी दुसऱ्या तारखेचे पाणी घेतले, जेल कोरे. पुन्हा त्या तारखेचे घेतले, पट्टा. मग आठवले. त्या सोमवारी आतल्या स्वच्छ खोलीतला दिवा गेला होता. वीजवाला दुपारनंतर येणार होता आणि मला थांबायचा कंटाळा आला. मी पाणी बाहेरच्या टेबलावर भरले, दोनशे नळ्या, त्या वर्षाचा सगळा साठा, आणि तो सगळ्यांच्या कप्प्यांत मीच लावला. त्याच टेबलावर सकाळी भिंगरीच्या यंत्रातून निघालेल्या नळ्या उघडल्या होत्या. तिच्या जनुकाच्या नकला हवेत, टेबलावर, माझ्या बाहीवर. इतरांना पट्टा दिसेना, कारण इतर जण दुसरी जनुके शोधत होते. त्या पाण्यात जे होते ते फक्त तिलाच दिसणार होते.

मी सरांना सांगितले. ते पेपरवेट फिरवत म्हणाले, “आता ती गेली. दुसरी मुलगी घेतली आपण. आता उकरून कोणाचं भलं होणार?” मी माझ्या टेबलावर परत गेले. सरांवर ढकलणे सोपे आहे. तोंड मलाही होते. एकदा तिचा फोन नंबर मिळवला, लावला, तिचा “हॅलो” ऐकला आणि ठेवून दिला. तेव्हा बोटे चांगली चालत होती, तरी ठेवून दिला.

म्हणून या कलमाने मी जाहीर करते की दोष माझ्या पाण्यात होता. तिचे हात स्वच्छ होते. आमच्या प्रयोगशाळेतले सर्वांत स्वच्छ हात, आणि मी पुष्कळ हात बघितले आहेत.

त्या साठ्यातली शेवटची नळी, जी माझ्या घरच्या फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्यात मटारच्या पिशवीमागे आहे, आणि माझ्या त्या दिवसाच्या जेलचा फोटो, ही दोन्ही भिंगरीला मिळावीत. संस्थेच्या भंगारातून मी विकत घेतलेली माझी पिपेट, जी अजून बरोबर मोजते, तीही तिला मिळावी.

[वरील परिच्छेदातील दोन वाक्यांवर एक आडवी रेघ मारली आहे. कारण कलम ७ मध्ये. शेजारी अंगठा व आजची तारीख.]

याने तिला काहीही परत मिळणार नाही, हे मला माहीत आहे. चार वर्षे मला परत करता येत नाहीत. ती घेईल की नाही हेही माझ्या हातात नाही.

कलम ७. हे कलम आज, अंगठा उठवण्याच्या दिवशी सकाळी, जास्तीचे घातले आहे.

भिंगरी सध्या एका दुधाच्या कारखान्यात नमुने तपासते, हे भाचीने शोधून काढले होते. गेल्या आठवड्यात ती तिथे जाऊन कलम ६ वाचून दाखवून आली. भिंगरीने ऐकून घेतले आणि “मला टँकर बघायचाय” म्हणून आत गेली. मी आशा सोडली.

आज मामा वेळेवर आले. दुसऱ्या साक्षीदार डॉक्टर यायच्या होत्या, त्यांना रुग्णालयातून सुटता आले नाही. वकील घड्याळ बघत असताना बेल वाजली. दारात भिंगरी होती. केसांत पांढरे दिसू लागले आहे. बहिणीने खुर्ची दिली ती तिने घेतली नाही.

मी म्हणाले, “भिंगरी, मी...”

“ऐकलंय मी,” ती म्हणाली. माझ्या मांडीवरच्या हातांकडे बघत राहिली. मग वकिलांना म्हणाली, “एक साक्षीदार कमी आहे ना? मी करते सही.”

वकिलांनी तिलाही तेच समजावले. साक्ष केलीत तर तुमचे देणे बुडेल, नळी नाही, फोटो नाही, काही नाही.

“मला काही नकोय,” ती म्हणाली. “ह्या हे म्हणाल्या आणि मी समोर होते, एवढं कुठेतरी लिहिलेलं हवंय मला.”

तिने क्षमा केली का, हे मी विचारले नाही. मला धीर झाला नाही आणि विचारायचा हक्कही नव्हता.

वकील म्हणाले, मग ते कलम काढून पान नवे छापून आणतो, दहा मिनिटांत होईल. त्यावर ती पटकन म्हणाली, “पान बदलू नका. एकच रेघ मारा. खालचं वाचता आलं पाहिजे.”

म्हणून तसे केले आहे. त्या वस्तू आता कायद्याने भाचीकडे जातील. त्या नळीचे तिने काय करावे, हे मला सांगता येत नाही.

ठिकाण: माझ्या घरची मागची खोली, खिडकीजवळ.
दिनांक: ९ ऑक्टोबर, शुक्रवार, सकाळी सव्वाअकरा.

लिहून देणारीचा डाव्या हाताचा अंगठा.

साक्षीदार १: मामा, काचेची भांडी धुणारे, निवृत्त. सही. (त्या वेळी मलाही पाण्याचा संशय होता. मी बोललो नाही.)

साक्षीदार २: पूर्वी संशोधक विद्यार्थिनी, सध्या दूध तपासनीस. कलम ६ मधील देणे माझे होते हे मला माहीत आहे. सही समजून केली आहे.

लिहिणाऱ्याची नोंद: लिहून देणाऱ्या बाईंना हात उचलता येत नसल्यामुळे साक्षीदार क्रमांक दोन यांनी त्यांचा अंगठा धरून शाईवर व नंतर कागदावर टेकवला, दोन्ही ठिकाणी. तसे करताना साक्षीदाराच्या बोटांना शाई लागली. बाई म्हणाल्या, “हात धुऊन घे.” साक्षीदार म्हणाल्या, “राहू दे,” आणि हात सोडला नाही. बाईंच्या सांगण्यावरून हे लिहिले.