टाकीवालं मशीन

अरे,

पिल्लूला घेऊन ताईकडे जातेय. वरच्यांचा पाइप फुटल्यापासून भिंतींची ओल जात नाहीये आणि त्या ओलीने पिल्लूचा खोकलाही हटत नाहीये. तू फोन उचलत नाहीस. पण आज कपडे न्यायला येशीलच, म्हणून ही चिठ्ठी कपाटाला चिकटवलीय.

ओल खेचणारं मशीन भाड्याने आणून पिल्लूच्या खोलीत लावलंय. खिडक्या उघडू नकोस. दुकानदार म्हणाला, "नाहीतर ताई, ते अख्ख्या गल्लीची हवा सुकवत बसेल!" पलंग भिंतीपासून ओढलाय, तो तसाच राहू दे.

त्याच्याकडे दोन प्रकार होते. एकाची नळी मोरीत सोडली की झालं, पुन्हा बघायला नको. दुसऱ्याची टाकी भरली की ते आपोआप बंद पडतं. सकाळ-संध्याकाळ कुणाला तरी ती ओतावी लागते. "घरात माणूस असतं ना?" त्याने विचारलं. मी जरा घुटमळले, मग म्हटलं, "असतं की." आणि टाकीवालं घेतलं.

शहाणपणाचं नव्हतं, कळतंय मला. नळीवालं आणलं असतं तर घर ओलं आहे म्हणत तू आणखी आठवडाभर ऑफिसातच झोपला असतास आणि तरीही खोली सुकली असती. तेच मला नको होतं.

भाजी फ्रिजमध्ये आहे, गरम करून घे.

शनिवारी येऊ. आधी दाराला कान लावेन. मशीनचा आवाज आला तर बॅग घेऊन आत येईन.