स्पीडबोटीचा फॉर्म

बाबा,

तुम्ही मोरा बंदरावर सगळ्यांना मालदीवचं सांगायला गेलात, तेवढ्यात आम्ही विमानतळावर निघालो. मुद्दामच. तोंडावर सांगितलं असतं तर तुम्ही डोळ्यांत पाणी आणलं असतं, आणि तुमच्या सुनेला, समीक्षाला, रडारड चालत नाही.

तिकडे उतरल्यावर बेटापर्यंत न्यायला फक्त आपल्यासाठी स्पीडबोट बुक केली आहे. तिच्यात जागा आहे, तो प्रश्नच नाही. पण रविवारी बुकिंगवाल्याशी व्हिडिओ कॉल चालू असताना तुम्ही मध्येच तोंड घातलंत. "भरती कवा हाय तिकडं? चाळीस वरसं तांडेल व्हतो मी, नायतर मीच नेतो बोट!" समीक्षाचे पप्पा शेजारी बसून हसत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्याच दिवशी तुमचं तिकीट रद्द केलं.

तुमची भरलेली बॅग रिकामी करून माळ्यावर टाका. नवा शर्ट मी काढून घेतलाय, पप्पांना बरोबर बसतो. गॅलरीत बोंबील वाळत घालू नका, सोसायटीची परत तक्रार नको. झाडांना पाणी घाला. बंदरावर कुणी विचारलंच तर तब्येतीचं कारण सांगा.

आणि हो, बोटवाल्यांचा फॉर्म आज सकाळी भरला. त्यात विचारलं होतं, कुणाला बोट लागते का, समुद्राची सवय आहे का. मी लिहिलं, आमच्या घराण्यात आजवर कुणी बोटीत पायसुद्धा ठेवलेला नाही.

निकेश