कट म्हणायचं राहिलं

३ फेब्रुवारी
मालेगावहून बाडबिस्तरा घेऊन नाशकात आले आणि पहिल्याच दिवशी मनासारखं काम! गंगापूर रोडवरच्या रोहित सरांच्या स्टुडिओत जुन्या व्हिडिओ कॅसेट संगणकावर उतरवायच्या. त्यातही ‘सातवा जिना’! १९९८ची ती भुताखेतांची मालिका मी अम्मीच्या ओढणीत तोंड खुपसून पाहायचे. दर आठवड्याला नवी गोष्ट, नवं भूत. आज पाच भाग एका बैठकीत पाहिले. प्रत्येक भुताच्या पायांत चक्क तीच स्लिपर! हसून हसून पुरेवाट झाली. इतकी वर्षं या स्लिपरला घाबरत होते मी.

५ फेब्रुवारी
शेवटचा भाग कधी दाखवलाच गेला नाही. सर म्हणाले, अर्धवट आहे, यादीतून काढून टाक. मला असलं चालत नाही. सगळी मालिका म्हणजे सगळी. जेवणाच्या सुट्टीत ती कॅसेट लावली. लतिकाबाई नावाची नटी कॅमेऱ्याकडे पाठ करून पत्र लिहितेय. पत्र संपलं की मागून भूत येऊन खांद्यावर हात ठेवणार, असं पटकथेत आहे. पण पत्र संपतच नाही. कॅसेट अर्ध्या तासाची, आणि बाई दोन तास लिहीत होती.

६ फेब्रुवारी
मालिकेत दिवे सांभाळणारे देवराम काका निफाडहून द्राक्षं घेऊन आले. त्यांना त्या शेवटच्या भागाबद्दल छेडलं. दिग्दर्शक ‘कट’ म्हणेपर्यंत नटाने थांबायचं नाही, हा सेटवरचा नियम. त्या शॉटला दिग्दर्शक खुर्चीतच कोसळले. सगळे त्यांना उचलून दवाखान्यात धावले. कट म्हणायचं राहूनच गेलं. परत आले तेव्हा टेबल होतं, बाई नव्हत्या. आजवर सापडल्या नाहीत. मग मीच म्हणते कट, असं मी म्हणाले तर काका ताडकन उभेच राहिले. येडी का खुळी तू पोरी, म्हणाले, चालू शॉट तोडणाऱ्याला तीच जागा भरावी लागते. द्राक्षं मात्र गोड होती.

८ फेब्रुवारी
आज कागद जवळून दिसला. पानभर एकच ओळ. ‘आता थांबू का?’ सत्तावीस वर्षं ही बाई परवानगी मागतेय आणि हे सगळे शहाणे कॅसेट कपाटात कोंबून मोकळे! डोकंच फिरलं माझं. पडद्यासमोर उभी राहिले आणि खणखणीत म्हणाले — कट!
तिने पेन ठेवलं. बोटं चोळली. उठून गेली. मला रडू आलं, आनंदाने.

१० फेब्रुवारी, सकाळी अकरा
पडद्यावरची तिची खुर्ची पुन्हा भरलीय. पाठमोरी. हिरवी ओढणी — माझी. वहीसुद्धा हीच. मी लिहिते तशी ती —
पेन थांबलं की मागे स्लिपर वाजते. फटक. फटक. लिहिलं की गप्प.

साडेअकरा
रोहित सर दारात. पांढरेफटक. तोंड उघडलं त्यांनी — मीच हाताने खुणावलं, कट म्हणू नका. माझ्यानंतर इथे कोणी बसायचं नाही. लतिकाबाई सुटल्या. पस्तावा नाही. अम्मीला सांगा, मी ओढणीत तोंड लपवलं नाही —

फटक. अगदी मागे. बोटं वळेनात.

पत्र संपल्याशिवाय खांद्यावर हात पडत नाही ना? मग ऐक रे स्लिपरवाल्या. मी मागे वळणार नाही. आणि हे शेवटचं वाक्य मी काही पुरं करणार —